उल्हास नदीतली जलपर्णी: ॲपमध्ये एक नाव, पुस्तकात दुसरं. मग खरं कोणतं?

पावसाळा संपून नदी जरा शांत झाली की कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलावर थांबून खाली बघा. कधी पाणी दिसतं, कधी नुसती हिरवळ. नवखा माणूस म्हणेल, अरे वा, काय मस्त मैदान आहे! इथल्या लोकांना मात्र माहीत असतं की त्या हिरव्या गालिचाखाली उल्हास नदी आहे, आणि तिचंच पाणी आपल्या नळाला येतं.

आता खिशातला फोन काढा. गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्ट उघडून त्या हिरव्या पानांचा फोटो घ्या. आयनॅचरलिस्टवर उत्तर येतं ‘पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस’. मग तीच वनस्पती एखाद्या जुन्या पुस्तकात, नदीवरच्या एखाद्या अहवालात किंवा पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये शोधा. तिथे लिहिलेलं असतं ‘आयकॉर्निया क्रॅसिपेस’. फोटो तोच, वनस्पती तीच, शेवटचा शब्दही तोच, पण पहिला शब्द बदललेला.

बहुतेक जण इथे म्हणतात, ॲप गंडलं. पण ॲप गंडलेलं नाही आणि पुस्तकही खोटं नाही. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी या वनस्पतीला एका गटातून उचलून दुसऱ्या गटात ठेवलं. असं का केलं, आणि बदलापूरच्या माणसाला त्याचं काय पडलंय, हे आज बघू.

नदी, नळ आणि दरवर्षीची तीच बातमी

आधी थोडी पार्श्वभूमी. उल्हास नदी राजमाचीकडच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. बारवी धरणातून सोडलेलं पाणीही पुढे तिलाच मिळतं. बदलापूरच्या बॅरेजवर आणि जांभूळला पाणी उचललं जातं, खाली शहाड-मोहने पट्ट्यातही उचललं जातं. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे लाखो लोक या एका नदीवर अवलंबून आहेत. उल्हासनगरला तर १९४९ मध्ये नावच या नदीवरून मिळालं. बाजूची वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून, म्हणजे १०६० सालच्या देवळाजवळून वाहत उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. तिला आज अनेक जण नालाच समजतात. ‘वनशक्ती’ या संस्थेने दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं होतं, हे काहींना आठवत असेल.

जलपर्णी वाढायला तीन गोष्टी लागतात: ऊन, संथ पाणी आणि खत. ऊन आपल्याकडे फुकट आहे. बंधाऱ्यांमागे पाणी संथ होतं. आणि खत आपण स्वतः घालतो, कारण प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे तिच्यासाठी रोजचं पंगतीचं जेवण. अनुकूल वातावरणात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं पडून राहू शकतं. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जांभळी फुलं छान दिसतात म्हणून शोभेसाठी बंगालमध्ये आणली गेली, आणि पुढे काय झालं ते आपण पुलावरून बघतोच आहोत.

मग दरवर्षी तेच चक्र. नदीप्रेमी पात्रात उतरून आंदोलन करतात, पोकलेन आणि मजूर लागतात, तणनाशकाच्या फवारणीची चर्चा होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं, “अरे, डासांसाठी गप्पी मासे सोडतात तसे जलपर्णी खाणारे किडे सोडा ना!” कल्पना अजिबात वेडगळ नाही, जगभर ती वापरली गेली आहे. पण किडे सोडायचे तर कोणते, हा प्रश्न येतो आणि तिथे वर्गीकरण थेट नदीत उतरतं.

दिसायला एकच, वंशावळीत चार

आपण ‘जलपर्णी’ हा शब्द पाण्यावर जे काही हिरवं तरंगतं त्या सगळ्याला वापरतो. हिंदीतल्या ‘जलकुंभी’चंही तेच झालंय. पण आपल्याकडच्या तळ्यांत, खाणींत, नद्यांत जो हिरवा थर दिसतो तो किमान चार वेगवेगळ्या मंडळींचा असू शकतो.

पहिली खरी जलपर्णी. देठ फुग्यासारखा, दाबला तर आत स्पंज लागतो. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका.

दुसरी पिस्टिया. कोबीचा छोटा उमललेला गड्डा पाण्यावर ठेवल्यासारखी दिसते. पानं मखमली, फूल इतकं बारीक की बहुतेकांना दिसतच नाही. ही अळूच्या कुळातली. म्हणजे आपल्या अळूवडीचं अळू आणि दिवाळीतला सुरण ही तिची भावंडं.

तिसरी साल्व्हिनिया. लहान, केसाळ, घडी घातल्यासारखी पानं. हिला फूल येतच नाही, कारण हा नेचा आहे. पावसाळ्यात भिंतीवर आणि दगडांच्या फटीत नेचे उगवतात ना, त्यातलाच एक पाण्यावर राहायला गेलेला.

चौथा प्रकार म्हणजे पाण्यावरचा हिरवा, कधी निळसर, रंग ओतल्यासारखा दिसणारा तवंग. त्याला आपण शेवाळ म्हणतो, पण अनेकदा ते सायनोबॅक्टेरिया असतात. वनस्पती नाहीतच, बॅक्टेरिया आहेत. नात्याने ते जलपर्णीपेक्षा दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसच्या जवळचे.

आता खरी गंमत बघा. जलपर्णी आणि पिस्टिया एकाच तळ्यात, एकमेकींना खेटून तरंगतात. कोणीही म्हणेल, बहिणी आहेत. पण जलपर्णीचा गण वेगळा आहे, आणि त्या गणात तिच्याबरोबर कोण बसतं? केना. होय, पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारा, निळ्या फुलांचा, ज्याची भाजी-भजी करतात तो केना. इतकंच नाही, केळ आणि भातसुद्धा नात्याने जलपर्णीला पिस्टियापेक्षा जवळचे आहेत. ताटातला भात जलपर्णीचा चुलत भाऊ आणि शेजारी तरंगणारी पिस्टिया लांबची पाहुणी, असं हे प्रकरण आहे.

एकाच प्रकारच्या जागेत राहून वेगवेगळ्या घराण्यांतले जीव सारखे दिसायला लागतात, हे निसर्गात सतत घडतं. पाण्यावर तरंगायचं असेल तर हवा भरलेले किंवा पाणी न धरणारे अवयव उपयोगी पडतात, म्हणून तिघींनी आपापल्या परीने ते बनवले. उल्हासनगरचा जुना विनोद आठवा. मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असायचं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! लेबल आणि रूप बघून माल कुठून आला ते सांगता येत नाही, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीला जीवशास्त्राच्या आधीच कळलं होतं.

सगळेच पाटील नातेवाईक नसतात

मग शास्त्रज्ञ गट पाडतात कसे? पूर्वी बराचसा भर रूपावर होता. लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत पक्की केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. त्याच्या वर पायऱ्या: कुल, गण, वर्ग, संघ, सृष्टी. फोनमधल्या फोल्डरसारखंच आहे, एकात एक. फरक इतकाच की फोटो तुम्ही दोन अल्बममध्ये ठेवू शकता, जीवाला मात्र प्रत्येक पायरीवर एकच फोल्डर मिळतो.

(जाता जाता एक गोष्ट. बालभारतीच्या पुस्तकात ‘प्रजाती’ म्हणजे वरची पायरी आणि ‘जाती’ म्हणजे खालची. पेपरवाले ‘नवी प्रजाती सापडली’ लिहितात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा जाती म्हणायचं असतं. या लेखात मी पुस्तकाप्रमाणे लिहितोय.)

आज गट पाडायचा मुख्य नियम रूपाचा नाही, वंशाचा आहे. एक पूर्वज आणि त्याची सगळी पिलावळ मिळून एक गट. ‘सगळी’ या शब्दावर जोर द्या. त्यातला कोणी बाहेर ठेवायचा नाही आणि परका आत घ्यायचा नाही.

समजा, तुमच्या बिल्डिंगमध्ये तीन पाटील राहतात. एक जळगावचे, एक कोल्हापूरचे, एक इथलेच आगरी. आडनाव एक, पण नातं काही नाही. उलट जळगावच्या पाटलांची सख्खी बहीण लग्न होऊन समोरच्या विंगमध्ये राहते आणि तिचं आडनाव चौधरी. आडनावावरून गट केला तर तीन परके एकत्र येतील आणि सख्खी बहीण बाहेर राहील. घराण्याची वंशावळ काढायची तर आडनावाची पाटी बाजूला ठेवून कोण कोणाच्या पोटी जन्मलं ते बघावं लागेल. शास्त्रज्ञांसाठी ते काम डीएनए करतो. दोन वनस्पतींच्या ठरावीक जनुकांतली अक्षरं शेजारी ठेवायची आणि कुठे किती बदल झाले ते मोजायचं. बदल कमी म्हणजे फाटा अलीकडे फुटला, जास्त म्हणजे फार पूर्वी. हजारो अक्षरांची तुलना करून कॉम्प्युटर शक्यतांमधून सगळ्यात पटणारी वंशावळ काढतो.

यातून धक्के बसले. कमळ आणि कुमुदिनी पूर्वी एकाच कुळात ठेवायचे. दोन्ही पाण्यात, दोन्हींची पानं गोल, फुलं देखणी, आणखी काय पाहिजे? १९९० च्या दशकापासून डीएनएच्या तुलना यायला लागल्या आणि कमळ निघालं सिल्व्हर ओकच्या गणातलं. चहाच्या मळ्यात सावलीसाठी लावतात ते उंच झाड. कुमुदिनी राहिली भलत्याच, फार जुन्या फांदीवर.

२०१८ मध्ये काय घडलं

जलपर्णीचंही पाटलांसारखं झालं. ‘आयकॉर्निया’ या प्रजातीत काही पाणवनस्पती ठेवल्या होत्या. वंशावळ काढल्यावर दिसलं की त्या सगळ्या एका घरच्या नाहीत. त्यातल्या काहींचं नातं आपसात आहे त्यापेक्षा ‘पॉन्टेडेरिया’ नावाच्या शेजारच्या प्रजातीशी जास्त जवळचं आहे. मार्को पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रूप आणि डीएनए दोन्ही एकत्र घेऊन अख्ख्या कुळाची फेरमांडणी केली आणि आयकॉर्निया ही पाटी काढून सगळ्यांना पॉन्टेडेरियाच्या छपराखाली आणलं. पॉन्टेडेरियाच का? कारण नावांच्या नियमात जुनं नाव जिंकतं, आणि ते नाव लिनियसने १७५३ मध्येच दिलेलं. आयकॉर्निया १८४० च्या दशकातलं, एका प्रशियन मंत्र्याच्या सन्मानार्थ ठेवलेलं.

आणि ज्याला आपण ‘नवीन नाव’ म्हणतोय ते मुळात जुनंच आहे. ब्राझील फिरून आलेल्या मार्टियस नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये या वनस्पतीला पहिल्यांदा नाव दिलं, तेच पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस. १८८३ मध्ये तिला आयकॉर्नियात हलवलं गेलं. १३५ वर्षांनी ती माहेरी परत आली, इतकंच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण यूट्यूबवर या विषयावर बोलताना ती हमखास गाळली जाते. वंशावळ हा शोध असतो. कोण कोणाला जवळचं, हे पुराव्यावरून ठरतं आणि पुरावा बदलला तर तेही बदलतं. पण त्या वंशावळीवर कात्री कुठे चालवायची आणि कोणत्या फांदीला ‘प्रजाती’ म्हणायचं, हा निर्णय असतो. पेलेग्रिनींनी एक मोठा गट केला. दुसरा कोणी तीच वंशावळ घेऊन चार-पाच छोट्या प्रजाती करू शकला असता आणि तेही नियमात बसलं असतं. म्हणूनच काही शास्त्रज्ञ आजही आयकॉर्निया लिहितात. लंडनच्या क्यू उद्यानाची ऑनलाइन वनस्पती-यादी पॉन्टेडेरिया मानते, आयनॅचरलिस्टही तेच. यादीत नाव बदललं की ॲपमधल्या लाखो फोटोंवरचं लेबल आपोआप बदलतं. पुस्तकाला मात्र पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागते.

याच फेरमांडणीत मोनोकोरिया नावाची वनस्पतीही पॉन्टेडेरियात आली. भातखाचरातल्या पाण्यात निळसर फुलांची, हृदयाच्या आकाराच्या पानांची एक रानटी वनस्पती दिसते, ती हीच. म्हणजे नव्या मांडणीत परदेशातून आलेली जलपर्णी आणि आपल्या भातशेतीतली ही देशी वनस्पती एकाच प्रजातीच्या दोन जाती झाल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव चुकलं की वर्षं वाया जातात: साल्व्हिनियाची गोष्ट

कोणी म्हणेल, नाव काहीही ठेवा, नदी तर साफ होत नाही ना? त्यासाठी वर सांगितलेल्या तरंगत्या नेच्याची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या मते वर्गीकरण का शिकायचं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, आणि ते आपल्या पुस्तकांत नसणं ही खरंच खंत आहे.

साल्व्हिनिया १९३९ मध्ये श्रीलंकेत पोचली. १९५९ च्या सुमारास आफ्रिकेतलं करिबा धरण भरत असताना तिथे पसरली. केरळमध्ये तिने कालवे आणि भातशेती व्यापली, लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणू लागले. नावं चालवायला रस्ता उरेना.

उपाय ठरला तो बरोबर होता: ती जिथून आली तिथे तिला खाणारे किडे शोधायचे आणि आणून सोडायचे. पण ‘तिथे’ म्हणजे कुठे? सगळ्यांनी तिला ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ समजलं. म्हणून त्या जातीवरचे किडे दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडून, त्रिनिदादमधून गोळा केले. एक भुंगेरा होता, एक नाकतोडा होता. ठिकठिकाणी सोडले. किडे जगले तरी तणावर म्हणावा तसा परिणाम झाला नाही.

१९७२ मध्ये मिचेल या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा नेचा ऑरिक्युलाटा नाहीच, वेगळी जाती आहे. तिला नाव मिळालं साल्व्हिनिया मोलेस्टा. मग तिचं खरं मूळ गाव शोधणं सुरू झालं आणि १९७८ मध्ये ते सापडलं आग्नेय ब्राझीलमध्ये. तिथल्या झाडांवर एक छोटा भुंगेरा होता, दिसायला अगदी आधीच्यासारखाच. सुरुवातीला तोही जुन्याच जातीचा वाटला. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात तो सोडला आणि वर्षभराच्या आसपास हजारो टन साल्व्हिनिया संपली. हा भुंगेरासुद्धा वेगळी जाती आहे, हे १९८५ मध्ये जाहीर झालं! केरळातही १९८० च्या दशकात तोच सोडला आणि पुढच्या काही वर्षांत कालवे मोकळे व्हायला लागले.

म्हणजे चूक एकदा नेच्याच्या ओळखीत झाली आणि एकदा किड्याच्या. दोन सारख्या दिसणाऱ्या नेच्यांत आणि दोन सारख्या दिसणाऱ्या भुंगेऱ्यांत फरक कळेपर्यंत दहा-वीस वर्षं गेली. तोवर ज्यांची शेती पाण्याखाली नाही तर नेच्याखाली गेली त्यांनी काय करायचं?

मग उल्हासमध्ये किडे सोडायचे का?

जलपर्णीचे किडे वेगळे आहेत. निओकेटिना नावाच्या दोन जातींचे भुंगेरे, जेमतेम पाच मिलिमीटरचे, तांदळाच्या डब्यातल्या सोंडकिड्यांचे लांबचे भाऊबंद. मोठे किडे पानं कुरतडतात, अळ्या देठ आणि बुंधा आतून पोखरतात. हे किडे भारतात १९८० च्या दशकातच आणले गेले आणि आधी कर्नाटकात सोडले गेले. पिस्टियासाठी तिसराच भुंगेरा लागतो, साल्व्हिनियासाठी चौथा. जलपर्णीचा किडा पिस्टियावर सोडला तर तो उपाशी मरेल. म्हणून ‘हिरवं तरंगतंय’ एवढ्या माहितीवर किडे मागवता येत नाहीत.

परदेशी किडा आणण्याआधी तो आपलं पीक खाणार नाही ना, हे तपासावं लागतं. पण देशातली प्रत्येक वनस्पती त्याच्यापुढे ठेवणं शक्य नसतं. इथे वंशावळ उपयोगी पडते. तणाच्या सख्ख्या भावंडांपासून सुरुवात करायची, मग चुलत, मग लांबचे, आणि वर महत्त्वाची पिकं. किडा जवळच्या नात्यातही तोंड घालत नसेल तर लांबच्यांना धोका कमी. म्हणजे गट चुकले तर चाचणीची यादीच चुकेल. मोनोकोरियाची आठवण ठेवायला सांगितलं ते यासाठी. जलपर्णीवर उद्या नवा किडा किंवा बुरशी आणायची ठरली तर भातखाचरातली ही देशी वनस्पती यादीत अगदी वर असायला हवी. नाव आयकॉर्निया लिहा की पॉन्टेडेरिया, नातं तेच आहे. नव्या नावाने ते फक्त पाटीवर आलं.

तरी माझं मत विचाराल तर उल्हासमध्ये नुसत्या किड्यांवर भिस्त ठेवणं भाबडेपणाचं ठरेल. किड्यांची संख्या वाढायला वर्षं लागतात, आणि आपली नदी दर जुलैत पुराने धुऊन निघते. जलपर्णी वाहून कल्याणच्या खाडीकडे जाते आणि खाऱ्या पाण्यात मरते, तिच्यावरचे किडेही तिच्याबरोबर जातात. चिखलातलं बी मात्र जागेवर राहतं. शिवाय सांडपाण्याचं खत मिळत असेल तर किडे खातील त्यापेक्षा वेगाने नवी पानं फुटतात. साचलेल्या तळ्यात किंवा जुन्या खाणीत गोष्ट वेगळी, तिथे प्रयोग करण्यासारखा आहे. नदीसाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं नीट चालणं हाच मोठा मुद्दा आहे आणि तो कुठला भुंगेरा सोडवणार नाही. तणनाशकाने एकदम मारायची तर सडलेली पानं पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि खालचे मासे गुदमरतात. पिण्याच्या पाण्यात काय मिसळतं हा प्रश्न वेगळाच.

फोनने ओळखताना

शेवटी पुन्हा फोनकडे येऊ. ॲप फोटो बघून नाव सांगतं तेव्हा ते वंशावळ बघत नसतं. लाखो नाव लिहिलेल्या फोटोंवर ते शिकलेलं असतं आणि तुमचा फोटो त्यातल्या कोणाशी जास्त जुळतो ते बघतं. म्हणजे ॲप अजूनही रूपावरच चालतं. त्यामुळे सारखी दिसणारी मंडळी आली की तेही फसतं, विशेषतः फूल नसताना आणि पुलावरून झूम करून घेतलेल्या फोटोत.

पण आयनॅचरलिस्टची एक चांगली सवय आहे. खात्री नसेल तर ते थेट जाती न सांगता वरच्या पायरीवर थांबतं, ‘या कुळातलं असावं’ म्हणतं. बरेच जण तेव्हा वैतागून ॲप बंद करतात. मला तर ते उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. ‘अळूच्या कुळातलं’ एवढं कळलं तरी ती जलपर्णी नाही हे नक्की झालं ना? पुढे माणसं बघतात, दोन-तृतीयांश लोकांचं एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि संशोधकांपर्यंत पोचते.

फोटो काढायचाच तर एक अख्ख्या गालिचाचा घ्या आणि एक जवळून, ज्यात देठ दिसेल. फुगीर देठ असेल तर जलपर्णी, मखमली गड्डा असेल तर पिस्टिया, केसाळ छोटी पानं असतील तर साल्व्हिनिया. शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. फूल असेल तर ते सोडू नका. काठावरूनच काढा. त्या हिरवळीवर पाय टेकत नाही आणि खाली पाणी किती खोल आहे ते वरून दिसत नाही.

आणि कॉलेजचा प्रोजेक्ट करत असाल तर दोन्ही नावांनी सर्च करा. २०१८ च्या आधीचं जवळजवळ सगळं संशोधन आयकॉर्निया नावाखाली आहे, नंतरचं दोन्हींत वाटलं गेलंय. एकाच नावाने शोधलंत तर अर्धी माहिती हाती लागणार नाही. किड्यांवरचं काम शोधायचं असेल तर अजून एक गंमत: त्या भुंगेऱ्यांपैकी एकाचं नाव ‘निओकेटिना आयकॉर्निई’ आहे. वनस्पतीचं नाव बदललं तरी किड्याचं नाव नियमाप्रमाणे तेच राहतं. त्यामुळे पाटीवरून उतरवलेलं आयकॉर्निया या किड्याच्या नावात मात्र कायमचं राहिलंय.